डाव्या पिळाचा खटका

१

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आत्यांनी तपासणीच्या खोलीतलं कपाट उघडलं. मंजूर नमुना जागेवर नव्हता.

कुलूप शाबूत होतं. वरच्या कप्प्यातली मापं आणि गेज जिथल्या तिथं होती. खालच्या कप्प्यात मऊ कापडावर नमुन्याच्या आकाराचा दाबलेला खळगा होता, आणि खळग्यात काही नव्हतं.

नमुना म्हणजे एक खटका, तळहातावर मावेल एवढा. इस्पितळातल्या खाटेचा कठडा वर ओढला की तो खट्‌कन अडकतो आणि झोपेत कूस बदलणारा माणूस खाली पडत नाही. पत्र्याचं वाकवलेलं अंग आणि आत पीळ दिलेली एक स्प्रिंग, एवढाच त्याचा संसार. खाटा बनवणाऱ्या कंपनीनं तो पारदर्शक पिशवीत घालून, शिक्का मारून पाठवला होता: असेच करून द्या. दुपारी चारला त्यांच्या निरीक्षक बाई येणार होत्या. या खटक्यांचा पहिला माल त्या याच नमुन्याशेजारी ठेवून बघणार होत्या.

आत्या म्हणजे मालकांच्या आत्या, त्यामुळे सगळ्या कारखान्याच्या आत्या. गळ्यात दोरीनं भिंग. पत्रा कापणं, वाकवणं, तारेच्या स्प्रिंगा वळणं हे काम त्यांच्या थोरल्या भावानं सुरू केलं. थोरले गेले, आता त्यांचा मुलगा बघतो. त्याला सगळे 'धाकटे' म्हणतात, आणि पाठीमागे 'घाईमालक'.

धाकटा आला. पत्र्याला आकार देणारे साचे, म्हणजे डाय, करणारे जुने मास्तर आले, पॉवर प्रेसवरचे ठोकेभाऊ आले, स्प्रिंगची मशीन चालवणारी सूनबाई, म्हणजे धाकट्याची बायको, आली. खोली भरली.

"चाव्या दोनच," धाकट्यानं डाव्या हाताची थाप टेबलावर मारली. "एक आत्याच्या कमरेला. दुसरी टूलरूममध्ये, खिळ्याला."

"म्हणजे माझ्याकडे," मास्तर म्हणाले.

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणायचं तेवढं राहिलं." मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ठीक आहे, मालक. चार वाजेपर्यंत नमुना मिळाला नाही, तर तो मीच नेला असं धरा. हत्यारं खाली ठेवतो आणि घरी जातो."

धाकटा खिशात हात घालून खिडकीकडे वळला. कुठंतरी बारीकसं खट् वाजलं. सूनबाईनं दिव्याच्या बटणाकडे बघितलं. बाकी कुणी लक्ष दिलं नाही.

आत्यांना मात्र एक शब्द टोचला. मालक. मास्तरांनी या माणसाला लहानपणी खांद्यावर बसवून प्रेस दाखवली होती. आजवर ते त्याला 'पोरा' म्हणत आले होते. आणि त्यांचा शब्द म्हणजे कडक पोलाद, वाकणार नाही, तुटेल. ते गेले तर इथं यंत्रं उरतील, कारखाना उरणार नाही.

"चारपर्यंत कुणी फाटकाबाहेर जायचं नाही," आत्या म्हणाल्या. "आणि जुळणीला कुणी हात लावायचा नाही."

तो थोरल्यांचाच नियम होता. नमुना टेबलावर असल्याशिवाय अंगात स्प्रिंग बसवायची नाही. नमुना नाही, तर जुळणी नाही.

हे वाक्य आपणच बोललो, आणि त्यातच अर्धं उत्तर आहे, हे आत्यांच्या लक्षात यायला दुपार व्हावी लागली.

२

ठोकेभाऊ प्रेससमोरच्या स्टुलावर बसले होते. आयुष्यभर प्रेसचे ठोके ऐकून त्यांचे कान गेले होते, त्यामुळे गुपितसुद्धा ते ओरडूनच सांगत.

"आत्या, मी चोर असतो तर खटका कशाला चोरला असता? प्रेस नेली असती!"

"खांद्यावर घालून?"

"हप्त्याहप्त्यानं!"

"काल संध्याकाळी खटक्यांची अंगं तुम्हीच काढलीत ना?"

"सगळी! मास्तरांची डाय म्हणजे लोण्यात सुरी. हे बघा." त्यांनी ट्रेमधून एक तुकडा उचलून दिला. आत्यांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. पत्रा कापला की एका बाजूला बारीक खरखर राहते. कारखान्यात तिला बर म्हणतात. बर आतल्या बाजूला होती, बाहेरची कड गुळगुळीत. रोग्याच्या हाताला लागणार नाही. आत्यांनी तो तुकडा खिशात टाकला.

तेवढ्यात त्यांचं लक्ष ठोकेभाऊंच्या पायाकडे गेलं. भंगाराच्या डब्यावर त्यांनी पाय असा दाबून धरला होता, जणू आत नाग आहे.

"पाय काढा."

"राहू द्या हो आत्या, भंगार आहे!"

"पाय."

डब्यात चिंध्यांखाली पत्र्याचा एक बेडूक निघाला. पोटात नापास झालेली स्प्रिंग, पाठीवर हिरवा ऑइलपेंट. दाबला की उडी मारायचा.

"नातीसाठी," ठोकेभाऊ पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले. "भंगारातलाच माल आहे. धाकट्यांना सांगू नका."

आत्यांनी भिंगातून बेडूक तपासला. "डावा पाय तोकडा आहे. घासून सारखा करा आणि मग द्या."

बेडूक पास झाला. चोर अजून बाहेरच होता.

३

सूनबाई स्प्रिंगच्या मशीनपाशी उभी होती. मशीन बंद होती, पण ती तिच्याकडे अशी बघत होती, जशी आई निजलेल्या द्वाड पोराकडे बघते.

"आत्या, संशय माझ्यावर असणार. मागच्या आठवड्यात मास्तरांचा आणि माझा खटका उडाला होता."

"कशावरून?"

"मी म्हटलं, डाय झाली की एकदा नमुन्याशी ताडून बघा. ते म्हणाले, नमुना बघून डाय करतो तो नकलाकार. मी नकाशावरून करतो. माझी डाय उलटी निघेल त्या दिवशी हत्यारं खाली ठेवीन."

"हे ते दर आठवड्याला म्हणतात."

"हो, पण या वेळी माझ्याकडे बोट करून म्हणाले."

आत्या हसल्या. तयार स्प्रिंगांच्या ट्रेमधून एक उचलून त्यांनी भिंगाखाली धरली. पीळ उजवा, नकाशात होता तसा. भट्टीतून निघाल्यामुळे तारेवर फिकट तपकिरी झाक आली होती.

"सगळ्या उजव्याच?"

"डावी एकही नाही. डावी करायची तर मशीनचं सगळं सेटिंग बदलावं लागतं. कशाला करेन?"

"आणि नवरा कुठं होता सकाळी?"

सूनबाईनं भुवया चढवल्या. "हे? उजाडायच्या आत बाहेर. चहासुद्धा घेतला नाही. म्हणे, पहिला माल आलाय, झोप लागत नाही. तुम्हाला माहीत आहे ना, ह्यांना वाढदिवसाचं पुडकंसुद्धा आदल्या दिवशी फोडायची सवय."

४

टूलरूम कारखान्याच्या शेवटच्या टोकाला होती. मास्तर मागच्या टेबलाला टेकून उभे होते. हातात कानस होती, पण घासायला काही नव्हतं.

"या ताई. झडती घ्यायची असेल तर घ्या."

"झडतीला नाही आले. बसायला आले." आत्यांनी स्टूल ओढलं. "चावी रोज याच खिळ्याला असते?"

"असते."

"सकाळी होती?"

"होती."

"मग घेतली कुणी असेल?"

"मी."

"मास्तर, खोटं बोलताना तुम्ही चष्मा पुसता. तुमची बायको धाकट्याच्या लग्नात सांगत होती."

मास्तरांनी चष्मा पुसणं थांबवलं, पण जागचे हलले नाहीत. आता आत्यांच्या लक्षात आलं की ते टेबलाला टेकलेले नाहीत. ते टेबलावरचं काहीतरी झाकून उभे आहेत.

"जरा पाणी देता?"

पाण्याचा माठ दुसऱ्या कोपऱ्यात होता. ताईंना पाणी नाकारणं त्यांच्यात बसत नव्हतं. ते गेले.

त्यांच्या मागे रहाट होता. थोरल्यांनी सगळ्यात आधी घेतलेलं हातयंत्र. खाटखूट करत फिरायचं म्हणून त्यांनीच त्याला ते नाव दिलं. आडवी दांडी, तिच्याभोवती तार गुंडाळायची, टोकाला हँडल. मशीन आल्यापासून त्याच्यावर धूळ साचायची. आज त्याच्यावर तेलकट फडकं टाकलेलं होतं, आणि फडक्याखालून हँडल डोकावत होतं. डाव्या टोकाला.

आत्यांनी टेबलाखाली हात फिरवला. बोटांना तार लागली. एक स्प्रिंग होती. त्यांनी ती मुठीत घेतली, पाणी प्यायल्या आणि उठल्या.

"सापडलं का काही?" मास्तरांनी विचारलं.

"तहान लागली होती, ती भागली," आत्या म्हणाल्या.

खोलीत येऊन त्यांनी दार लावलं आणि मूठ उघडली. तार चकचकीत होती. म्हणजे भट्टी न पाहिलेली, ताजी. वेढे विषम होते, म्हणजे हातानं वळलेली.

आणि पीळ डावा होता.

५

आत्यांनी तीन गोष्टी टेबलावर ओळीनं मांडल्या: ठोकेभाऊंचं अंग, सूनबाईची उजवी स्प्रिंग, टूलरूममधली डावी.

या कारखान्यात डाव्या पिळाची कुणाला गरज नव्हती. मग कुणीतरी पहाटे येऊन ती हातानं का वळली? स्प्रिंग नुसती स्प्रिंगसाठी कुणी वळत नाही. ती ज्याच्यात बसायची, त्याच्यासाठी वळतात.

थोरल्यांचा नियम आत्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोडला. नमुना नसताना अंग उचललं आणि उजवी स्प्रिंग आत घातली. बसेना. टोक खाचेच्या नेमकं विरुद्ध बाजूला यायचं. जबरदस्तीनं बसवली तर दाबताना पीळ घट्ट होण्याऐवजी उकलत होता. अशी स्प्रिंग आज चालली असती आणि एखाद्या रात्री कुणाच्या तरी आजीसकट कठडा खाली आला असता.

मग त्यांनी डावी घातली.

खट्.

चपखल. आत्या खुर्चीत मागे टेकल्या. अंगाचा कान, म्हणजे स्प्रिंग अडकवायची पट्टी, चुकीच्या बाजूला वाकला होता. नमुना त्यांनी कितीदा हाताळला होता, कान उजवीकडे. हा डावीकडे. आरशात बघावं तसा. काल संध्याकाळी माल आला तेव्हा त्यांनी मापं घेतली होती, आणि आरशातल्या माणसाची मापंही बरोबरच येतात.

ठोकेभाऊंनी पत्रा उलटा धरून वाकवला असेल का? नाही. मग बर बाहेर आली असती. बर आत होती. म्हणजे हात चुकला नव्हता. डायच उलटी होती.

मास्तरांची डाय.

आणि आता सकाळचं आपलंच वाक्य त्यांना ऐकू आलं: नमुना नाही, तर जुळणी नाही. चोराला नमुना नकोच होता. त्याला जुळणी थांबवायची होती. चौघांच्या देखत पहिली स्प्रिंग अडली असती, सगळ्यांनी डायकडे बघितलं असतं, आणि मास्तरांनी आपला शब्द पाळला असता.

म्हणजे चोर मास्तरांचा वैरी नव्हता. पण मास्तरांना स्वतःला तर डायचं ठाऊकच नसावं. ठाऊक असतं तर लपवण्याऐवजी त्यांनी हातोड्यानं ती फोडली असती. मग ते रहाट कशाला झाकत होते?

आत्यांच्या डोळ्यांसमोर डावीकडे लावलेलं हँडल आलं. त्याबरोबर एक पोर आलं. शाळेनं बोटांवर मारून मारून उजव्या हातानं लिहायला लावलेलं, पण बाकी सगळं डाव्यानं करणारं. थोरले हसून रहाटाचं हँडल त्याच्यासाठी डाव्या टोकाला लावायचे. पोराची प्रत्येक स्प्रिंग उलटी निघायची. "सुंभ जळेल पण याचा पीळ काही जायचा नाही," थोरले म्हणायचे, आणि मास्तर ती वेडीवाकडी स्प्रिंग कौतुकानं खिशात ठेवायचे.

आत्या उठल्या. तीन वाजून गेले होते.

६

धाकटा ऑफिसात उभा होता. खुर्ची होती, पण तो बसला नव्हता. समोरचा चहा साय धरून गार झाला होता.

"बाळा, खिशातला हात काढ."

"काय आत्या?"

"टेबलावर थाप मारलीस, तेव्हापासून डावा हात खिशात आहे. सकाळी खिसा वाजलासुद्धा. झाकली मूठ सव्वा लाखाची असते म्हणतात, पण ही नाही. उघड."

त्यानं हात बाहेर काढला. पिशवी, शिक्का, आत खटका, आणि सोबत दुसरा सुटा खटका. शिक्का तसाच होता.

"मला धीर निघेना गं," तो खाली बघत म्हणाला. "म्हटलं, पहिला खटका आपण जुळवावा. बाबा असताना जुळवायचो तसा. स्प्रिंग बसेना. खिळ्याची चावी घेतली, कपाटातून नमुना काढून बघितला तर... मग रहाटावर डावी वळली. पहिली हातातून उडाली, कुठं पडली कळलं नाही. दुसरी बसली. तेव्हा खात्री झाली. तेवढ्यात फाटक वाजलं."

"आणि भरल्या खोलीत मास्तरांवर चावी ढकललीस."

"तू सगळ्यांना बोलावलंस, मला सुचेना! दोन चाव्या आहेत एवढंच म्हटलं. ते एकदम घरी जायची भाषा करतील असं वाटलं नव्हतं." "डायचं कळलं तरी जाणार, नमुन्याचं कळलं नाही तरी जाणार. काय करू मी?"

"डाय उलटी निघालीच कशी? मास्तर नकाशा चुकीचा वाचणार नाहीत."

त्यानं खण उघडला. खटक्याचा नकाशा काढला, शेजारी त्याची झेरॉक्स ठेवली. मूळ नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह होतं. बाजूनं दिसणारं चित्र डावीकडे काढायचं की उजवीकडे, याच्या दोन पद्धती असतात. कुठली वापरली ते हे चिन्ह सांगतं. ते न बघता वाचलं तर डावं ते उजवं होतं. झेरॉक्सवर तो कोपराच नव्हता.

"कागदात बसत नव्हता. मी म्हटलं, कोपऱ्यात काय असणार. कापला आणि दिला मास्तरांना."

"घाईत."

"घाईत."

आत्यांनी दोन्ही कागद उचलले. "चल."

"आत्या, ते जातील."

"जातील किंवा राहतील, ते त्यांना ठरवू दे. तू त्यांना दिवसभर चोर ठरवून वाचवतो आहेस. असं वाचण्यापेक्षा माणूस बुडालेला बरा."

७

मास्तरांनी एका हातात नमुना घेतला, दुसऱ्या हातात कालचं अंग. एकदा फिरवलं. पुन्हा फिरवलं. दारात ठोकेभाऊ आणि सूनबाई येऊन थांबले होते.

"उलटी," मास्तर म्हणाले.

त्यांनी कानस जागेवर ठेवली. हात पाठीमागे नेला आणि ॲप्रनची वरची गाठ सोडली.

"मास्तर, कोपरा मी कापला," धाकट्यानं कागद पुढे केले. "चिन्ह तुमच्यापर्यंत आलंच नाही. डाय उलटी नाही, मी दिलेला नकाशा उलटा होता."

मास्तरांनी कागद बराच वेळ बघितले. "चिन्ह नव्हतं, तर मी विचारायचं होतं. नमुना दहा पावलांवर होता, तो बघायचा होता. ही बोलली होती तसं." त्यांनी सूनबाईकडे हनुवटी केली. "तू घाई केलीस, मी मिजास."

"आणि रहाटावर फडकं का टाकलंत?" आत्यांनी विचारलं.

मास्तर चष्मा पुसायला लागले. मग आठवून थांबले.

"सकाळी आलो तर हँडल डावीकडे. या कारखान्यात डावीकडे हँडल लावणारा एकच. म्हटलं, नमुना पोराच्या हातून हरवला, लाजेनं बोलत नाही. बाई येणार, सगळ्यांपुढे मालकाची शोभा. त्यापेक्षा माझ्यावर आलं तर आलं. मला काय, घरीच जायचं एक दिवस."

सूनबाई पदरानं मशीन पुसल्यासारखं करू लागली. तिथं मशीन नव्हती. "काय म्हणाले?" ठोकेभाऊंनी मोठ्यानं विचारलं.

फाटक वाजलं. चार वाजले होते.

निरीक्षक बाई वेळेच्या पक्क्या होत्या. नमुना, कालचा माल आणि धाकट्यानं पहाटे जुळवलेला डावा खटका, तिन्ही त्यांच्यापुढे ठेवलं. काय झालं ते आत्यांनी एका दमात सांगितलं. बाईंनी डावा खटका उचलला, दाबला, सोडला. पुन्हा दाबला.

"हा उलटा आहे."

"आहे," मास्तर म्हणाले. "माझाच."

"खाटेला कठडे दोन असतात," बाई विचार करत म्हणाल्या. "पलीकडच्या बाजूला असाच लागतो. त्याचं काम कुणाला दिलंय, अजून दिलंय की नाही, मला विचारावं लागेल. स्प्रिंग मात्र अशी हातची चालायची नाही."

"सेटिंग बदलते," सूनबाई म्हणाली.

"आणि उजव्या बाजूचं काय? सरळ डाय कधी मिळेल?"

सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. बाई फोन घेऊन अंगणात गेल्या.

मास्तर रहाटापाशी गेले. त्यांनी फडकं काढलं, घडी केली. हँडल सैल होतं, ते डाव्या टोकालाच घट्ट बसवलं आणि दांडीला तेलाचे दोन थेंब दिले.

"सकाळची स्प्रिंग बघितली. वेढे दातपडके आले आहेत," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "तार ताणून कुणी धरली नव्हती ना. एकट्याचं काम नाही ते, पोरा. फिरव तू. मी धरतो."

धाकट्यानं डाव्या हातानं हँडल धरलं. घाई केली नाही.

हे लिहीपर्यंत बाईंचा फोन चालूच आहे. त्या अंगणात फेऱ्या मारताहेत आणि पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही. मास्तरांच्या ॲप्रनची वरची गाठ सुटलेली आहे. कमरेची अजून बांधलेली आहे.